एक वाजता, थोडं खाली

"मावशी, आता टॉवरला रामराम," भाचा हेडसेटमधून म्हणाला, तेव्हा मला वाटलं की एका टॉवरने दुसऱ्या टॉवरच्या ताब्यात द्यायची वेळ झाली असेल. सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून निघताना टॉवरमधल्या बाईंचा शांत आवाज मीही ऐकला होता. थांबा म्हटलं की थांबायचं, निघा म्हटलं की निघायचं. चार आसनांचं सेसना 172, त्यात आम्ही दोघंच, आणि त्या आवाजाचा केवढा आधार!

"पुढचा टॉवर कुठला?" मी विचारलं.

"पुढे टॉवर नाहीच. वॉट्सनव्हिलला टॉवर नाही."

"मग उतरायची परवानगी कोण देणार?"

"कोणीच नाही. आपण सांगायचं, ऐकायचं, बघायचं आणि उतरायचं."

खाली सांताक्रूझच्या डोंगररांगा, समोर समुद्राच्या बाजूला विरघळत चाललेलं धुकं, आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न. इतकी विमानं एकाच धावपट्टीवर येतात आणि कोणी सांगणारंच नाही? तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, जगभरातल्या वाऱ्यांची नावं पाठ आहेत, पण हे मला ठाऊक नव्हतं! बरं, वॉट्सनव्हिल काही अपवाद नाही. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले विमानतळ सुमारे 5000, आणि त्यांत टॉवर असलेले 500च्या थोडे वर. म्हणजे दहातल्या नऊ ठिकाणी वैमानिकच एकमेकांना सांभाळून घेतात. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे, आणि आता इथेही सांगणार आहे.

आधी ते अदृश्य रिंगण समजून घ्या. धावपट्टीभोवती आकाशात एक लांबट चौकोन असतो. काढलेला कुठेच नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात पक्का. जमिनीपासून साधारण हजार फुटांवर. वैमानिक याला 'पॅटर्न' म्हणतात. उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन, म्हणून धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने, वारा पाठीशी घेऊन जायची बाजू म्हणजे 'डाउनविंड'. मग डावीकडे वळलं की 'बेस'. आणखी एकदा डावीकडे, की समोर धावपट्टी, ही 'फायनल'. वेगळं काही ठरवलेलं नसेल तर सगळी वळणं डावीकडेच, कारण वैमानिक डाव्या आसनावर बसतो आणि त्याला धावपट्टी सतत दिसत राहते. नवीन येणाऱ्याने मध्येच घुसायचं नाही. बाहेरून तिरकं, पंचेचाळीस अंशांत, डाउनविंडच्या मध्यावर येऊन मिळायचं, म्हणजे आधीपासून फिरणारे आपल्याला दिसतात आणि आपण त्यांना.

आणि धावपट्टीचा क्रमांक! मला वाटायचं की वीस नंबर म्हणजे विसावी धावपट्टी. छे! तो होकायंत्राचा आकडा आहे. चुंबकीय उत्तरेपासून साधारण 200 अंश, त्यातलं शेवटचं शून्य गाळलं की 20. तीच पट्टी उलट बाजूने वापरली की 20 अंश, म्हणजे 2 नंबर. म्हणजे 'धावपट्टी वीस' हे दोन शब्द ऐकले की दहा मैलांवरच्या माणसाला कळतं, वारा साधारण नैर्ऋत्येचा आहे, विमानं ईशान्येकडून उतरताहेत आणि आपण कुठे जाऊन मिळायचं आहे. एका आकड्यात वारा, दिशा आणि रीत! हे मला शिकवत असताना माहीत असतं तर होकायंत्राच्या धड्याला पोरांना घेऊन मी पटांगणावर चुन्याने धावपट्ट्या आखल्या असत्या.

दहा मैल राहिले आणि भाच्याने बटण दाबलं. "वॉट्सनव्हिल ट्रॅफिक," अशी सुरुवात. मग आपण कोण, किती मैलांवर, कुठल्या दिशेला, किती उंचीवर, काय करणार. आणि शेवटी पुन्हा, "वॉट्सनव्हिल." गावाचं नाव दोनदा का, हे मी लगेच विचारलं. अशा विमानतळांना वाटून दिलेल्या फ्रिक्वेन्सी मोजक्याच असतात, 122.7, 122.8, 123.0 अशा. तीच फ्रिक्वेन्सी आसपासचे दोनचार विमानतळ वापरतात, आणि उंचावरून आवाज फार दूर जातो. सुरुवातीचं नाव कोणाच्या तरी खोकल्यात किंवा खरखरीत बुडालं, तर शेवटचं तरी कानावर पडावं. नाहीतर भलत्याच गावचा माणूस आपल्या बेसवर आहे असं समजून कोणी घाबरायचा, किंवा आपल्याच गावचा माणूस परगावचा समजून निश्चिंत राहायचा.

रेडिओवरून एक वाक्य मात्र कधी म्हणायचं नाही, तसं तिथल्या वैमानिकांच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं आहे. "या भागात कोण कोण आहे, कळवा" असं विचारायचं नाही! मला आधी ते विचित्र वाटलं, विचारलं तर काय बिघडलं? पण विचार करा, सहा विमानं एकदम उत्तर द्यायला लागली तर एकाचंही ऐकू येणार नाही. इतरांची हजेरी घ्यायची नाही, आपली आपण द्यायची, आणि मग गप्प राहून ऐकायचं. ऐकणारा प्रत्येक जण आपल्या डोक्यात नकाशा भरत जातो: पांढरं सेसना डाउनविंडला, पायपर फायनलला, एक जण पट्टीच्या टोकाशी निघायच्या तयारीत.

माझे अण्णा एसटीत चालक होते. चिपळूण-कराड, कुंभार्ली घाट. लहानपणी सुट्टीत मी इंजिनाच्या बाजूच्या सीटवर बसून कितीदा गेले असेन. आंधळ्या वळणाआधी अण्णा हॉर्न द्यायचे, आणि तरीही पाय ब्रेकवर. एकदा मी म्हटलं, "हॉर्न दिलाय ना, मग हळू कशाला?" ते म्हणाले, "आपण दिलाय. समोरच्याने ऐकलाय का, ते वळल्यावर कळेल." अण्णा विमानात कधी बसले नाहीत. वॉट्सनव्हिलच्या आकाशात त्यांचं ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू आलं, कारण भाच्याने पुकारा केला आणि पुढच्याच क्षणी म्हणाला, "मावशी, आता तू कामाला लाग. उजवी बाजू तुझी."

माझी! कामाला लाग म्हणजे विमानं शोध. दिसलं की घड्याळाप्रमाणे सांगायचं. नाकासमोर बारा, उजव्या पंखाकडे तीन, डाव्या पंखाकडे नऊ. शिवाय आपल्यापेक्षा वर की खाली, तेही. बोलायचं फक्त कामाचं, त्या दहा मिनिटांत गप्पा नाहीत.

आता बघणं म्हणजे काय सोपं असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण डोळा फसवतो! आपल्याला स्पष्ट दिसतं ते नजरेच्या मधोमध, अगदी लहानशा भागात, बाकी सगळा अंदाज. म्हणून आकाशावरून झाडू मारल्यासारखी नजर फिरवून उपयोग नाही. दहा-दहा अंशांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद थांबायचं, मग पुढचा. आणि रिकाम्या आकाशाकडे बघत राहिलं की डोळ्याला धरायला काही मिळत नाही, तो आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो आणि लांबचं धूसर होतं. म्हणून अधूनमधून लांबच्या डोंगराच्या कडेवर नजर टेकवायची.

याचा हिशोब मी घरी येऊन वहीत मांडला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या पुस्तिकेत दिलं आहे की ठिपका दिसण्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साधारण 12.5 सेकंद लागतात. त्यातली पाच नुसती 'हे आपल्यावर येतंय' हे उमगायला, चार काय करायचं ते ठरवायला, दोन विमानाला वळायला. हात हलायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी! वेळ खातं ते डोकं. समजा दोन लहान विमानं समोरासमोर, प्रत्येकी 100 नॉट वेगाने. सेकंदाला शंभरेक मीटर अंतर कमी होतं. 12.5 सेकंदांत सव्वा किलोमीटर. म्हणजे सव्वा किलोमीटरवर ते दिसायलाच हवं. सेसना 172च्या पंखांची लांबी 11 मीटर. इतक्या लांबून ती केवढी दिसेल? हात लांब करून चिमटीत तांदळाचा एक दाणा धरा. तेवढी! आकाशभर तो एक दाणा शोधायचा.

आणि सगळ्यात मोठी गंमत अजून पुढेच. भाचा म्हणाला होता, "काचेवर सरकत जाणाऱ्या ठिपक्याची काळजी करू नकोस, तो पुढून किंवा मागून निघून जाईल. जो ठिपका जागचा हलत नाही आणि मोठा होत जातो, तो सांग." जो हलतो तो निरुपद्रवी, आणि जो स्थिर तोच आपल्यावर येणारा! डोळ्याला तर हलणारी वस्तू पटकन दिसते. म्हणजे ज्याची खरी भीती, तोच लपायला सगळ्यात सोपा. हे उमजलं तेव्हा अंगावर काटा आला.

आणि मग ते दिसलं. खाली पाहारो खोऱ्यातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांवर, विंडस्क्रीनच्या उजव्या अंगाला, काचेवरच्या किड्याएवढं. मी पुढच्या तुकड्याकडे गेले, परत आले, ते तिथेच. पुन्हा गेले, परत आले, तिथेच. किंचित मोठं. पिवळं!

"एक वाजता, थोडं खाली," मी म्हणाले. आवाज चिरकला असेल, पण घड्याळ बरोबर सांगितलं.

भाच्याने मान पुढे काढली. "दिसलं. शाब्बास मावशी." आणि विमान उजवीकडे झुकवलं, त्याच्या शेपटीमागून जायला. दोन विमानांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर उजव्या हाताच्या विमानाला अग्रक्रम, हा नियम आहे. वाट त्या पिवळ्याची होती. आम्ही वळताच तो ठिपका काचेवरून सरकायला लागला, डावीकडे, डावीकडे, आणि मला एवढा आनंद झाला! तो सरकतोय म्हणजे संपलं. बाजूने जाताना त्याचा आकार स्पष्ट दिसला. जुनं पायपर कब, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हजारोंनी बनलेलं, 65 अश्वशक्तीचं, पंखा हाताने फिरवून सुरू करायचं.

भाच्याच्या मांडीवरच्या टॅबलेटमध्ये आसपासची विमानं छोट्या बाणांनी दिसत होती. हे पिवळं त्यात नव्हतंच. 2020पासून तिकडे बऱ्याच हवाई हद्दीत स्वतःची जागा कळवत राहणारं यंत्र सक्तीचं झालं, पण वॉट्सनव्हिलसारख्या ठिकाणी उतरायला ते असलंच पाहिजे असं नाही. आणि मुळात वीजयंत्रणाच नसलेल्या अशा जुन्या विमानांना त्यातून सूट आहे. रेडिओसुद्धा सक्तीचा नाही! म्हणजे हा पिवळा सज्जन पडद्यावर नाही, कानावर नाही, आणि पूर्णपणे कायदेशीर. तो होता फक्त माझ्या डोळ्यात. माझा त्याच्यावर जराही राग नाही. उलट तो आहे म्हणून बाकीचे सगळे खिडकीबाहेर बघतात, असं मला आजही वाटतं.

उतरलो. विंडसॉक समुद्राच्या वाऱ्याने फुगलेला होता. कुंपणापाशी बाकावर बसून आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या आणि भाच्याने हातातला छोटा रेडिओ मधे ठेवला. वरून एकेक आवाज येत होता आणि मी बोट दाखवून 'हा बेसला, ती फायनलला' करत होते. तिथेच त्याने मला पंखांची गोष्ट सांगितली. दोन्ही हात एकावर एक धरले. "वरचा हात पायपर, पण मघाचं कब नव्हे, याचे पंख खाली, म्हणून याला खालचं दिसत नाही. खालचा हात सेसना, याचे पंख वर, म्हणून याला वरचं दिसत नाही. दोघं एकाच वेळी फायनलला, एकाच वेगाने." हात हळूहळू एकमेकांजवळ येत गेले. दोघंही सावध, दोघंही चांगले वैमानिक, आणि दोघांनाही दुसरा दिसत नाही! सेसनाचा पंख तर वळताना आतल्या बाजूला झुकतो आणि ज्या दिशेला वळायचं नेमकी तीच दिशा झाकतो. म्हणून वळायच्या आधी तो पंख जरा उचलून मागे कोणी आहे का ते बघायचं. येताना भाचा दर वळणाआधी विमान उलटीकडे का हेलकावत होता, ते मला तेव्हा समजलं.

मग तो थोडा वेळ गप्प बसला आणि धावपट्टी वीसच्या टोकापलीकडे बोट केलं.

18 ऑगस्ट 2022. तिथे, याच फायनलवर, दोन विमानं आदळली. सेसना 152, दोन आसनांचं, पॅटर्नमध्ये फिरत होतं, आत एकटा वैमानिक. दुसरं सेसना 340, दोन इंजिनांचं, कितीतरी वेगवान, पॅटर्नमध्ये न येता लांबून सरळ फायनलला. दोघंही रेडिओवर बोलत होते. मोठ्याने दहा मैलांवरून कळवलं, तीन मैलांवरून कळवलं. लहान्याने बेसला वळताना कळवलं. आणि शेवटच्या क्षणांत लहान्याच्या लक्षात आलं की मागून येणारा फार वेगात आहे, आपण उतरणं सोडून वर निघतो, असंही त्याने सांगितलं. तोवर उशीर झाला होता. तिघं गेले. तपासात ठपका आला तो 340च्या वैमानिकाने समोरचं विमान पाहून टाळलं नाही यावर, आणि त्याच्या नेहमीपेक्षा जास्त वेगावर.

मला हे ऐकून फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त वेळ मी त्यातल्या 'तीन मैलां'वर अडकले. कारण तीन मैल हे अंतर नाहीच! रेंगाळत येणाऱ्या कबसाठी ती जवळजवळ तीन मिनिटं, आणि 180 नॉटने येणाऱ्यासाठी एकच मिनिट. ऐकणाऱ्याच्या डोक्यातल्या नकाशावर दोघं एकाच जागी. सरळ येणं बेकायदा नाही, पण सरळ येणाऱ्याने पॅटर्नमधल्यांची वाट मोडू नये, असं एफएएचं मार्गदर्शन आहे. नियमही किती माणसाळलेला आहे बघा: उतरणाऱ्या दोघांत जो खाली त्याला अग्रक्रम, पण त्याचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे अण्णांनी शिकवलेलं. आणि चढणाऱ्यानेही मुजोरी करायची नाही, हेही.

दुसरी घटना त्याने सांगितली ती इलिनॉयमधल्या क्विन्सीची, 19 नोव्हेंबर 1996. प्रवासी बीचक्राफ्ट 1900 उतरत होतं, आणि त्याला छेदणाऱ्या धावपट्टीच्या टोकाशी एक किंग एअर उभं होतं. प्रवासी विमानाने विचारलं, तुम्ही निघताय की थांबताय? उत्तर दिलं ते किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या छोट्या चेरोकीने. आणि ते उत्तर कॉकपिटमध्ये येत असतानाच उंची सांगणाऱ्या यंत्राचा आवाज त्यावर पडला. ऐकणाऱ्यांना वाटलं, किंग एअरच थांबतंय. किंग एअरने स्वतः त्या प्रश्नाला उत्तर दिलंच नव्हतं. ते धावू लागलं. दोन्ही विमानं चौकात भिडली आणि चौदाच्या चौदा माणसं गेली. उत्तर मिळालं होतं, पण ते कोणी दिलं हे कळलं नव्हतं. म्हणून सांगायचं, ऐकायचं, आणि ऐकलेल्यावरही विसंबायचं नाही. बाकावर बसून मी तेव्हापासून आवाज आला की आधी विमान शोधायला लागले. दिसेपर्यंत खरं मानायचं नाही.

एक फार सुंदर गोष्ट राहिली. अशा कितीतरी विमानतळांवर रात्री धावपट्टीचे दिवे बंद असतात, आणि वैमानिक वरूनच रेडिओचं बटण टकटक करून ते लावतो! पाच सेकंदांत तीन टकटकी केल्या की मंद, पाच केल्या की मध्यम, सात केल्या की लख्ख, आणि पंधरा मिनिटांनी आपोआप बंद. भाच्याने पहिल्यांदा केलं ती अमावस्या होती, म्हणाला. खाली काळोख, सात टकटकी, आणि जमिनीवर दिव्यांच्या दोन ओळी एकदम उमटल्या. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठीच तिथे गाव उजळतं. पुढच्या खेपेला मला ते बघायचंच आहे, वय पंचाहत्तर झालं तरी.

संध्याकाळी परत निघालो. निघतानाही तेच: "वॉट्सनव्हिल ट्रॅफिक," आम्ही धावपट्टी वीसवर, निघतोय, "वॉट्सनव्हिल." पट्टीवर जाण्याआधी भाच्याने विमान थोडं वळवून उभं केलं, सगळी फायनल नजरेने धुंडाळली आणि मला विचारलं, "तुझ्या बाजूला?" मी दहा-दहा अंश बघितले, सावकाश. "कोणी नाही," म्हणाले. माझ्या शब्दावर विमान पट्टीवर गेलं!

डोंगर ओलांडले, सॅन होजेचे दिवे दिसू लागले, आणि रीड-हिलव्ह्यूच्या टॉवरचा आवाज आला. आम्हाला क्रमांक मिळाला, दोन. पुढे एक सेसना आहे, त्याच्या मागे राहा. सकाळी याच आवाजाने मला किती हायसं वाटलं होतं. भाचा म्हणाला, "आता आराम कर मावशी, टॉवर आहे."

मी हो म्हटलं आणि लांबच्या डोंगराच्या कडेवर नजर टेकवली. मग पहिला तुकडा, मग दुसरा.

"अकरा वाजता," मी म्हणाले. "आपल्याच उंचीवर. सरकतंय."

"दिसलं," तो म्हणाला.